बिनटाळीच्या ताफ्याची हकिकत

श्रीनादमाता समर्थ. ज्याने माणसास दोन कान, दोन हात आणि दोन पाय दिले त्यास नमन करोन, आणि त्यांतील पाय कशास दिले हे पुढे कळोन येईल ऐसे वाचणारांस आधीच सांगोन, हकिकत मांडिली आहे. शके एकोणीसशे चाळीस, विलंबी नाम संवत्सर, ते साली एका संस्थानात जे घडले ते येणेप्रमाणे. संस्थानाचे नाव लिहीत नाही. लिहावे तर शेजारचे रुसतील, न लिहावे तर प्रत्येक गावास ते आपलेच वाटेल, आणि यात लिहिणाराचा तोटा काहीच नाही.

त्या संस्थानी नदी होती, साखर कारखाना होता, दोन नाट्यगृहे होती पैकी एक कायम दुरुस्तीस होते, आणि दसऱ्याची मोठी जत्रा होती. जत्रेत वाजंत्र्यांचे ताफे येत, ऑर्केस्ट्रे येत, आणि कोणाचा ताफा थोर यावरून लोकांत मारामारी होई. एके वर्षी तर एका पक्षाने दुसऱ्या पक्षाच्या निवेदकास ध्वनिक्षेपकाच्या कर्ण्यात डोके घालून उभे केले, आणि मग थोरल्या सरकारांनी ऐसा विचार केला की, "गाण्यातले आम्हास कळत नाही, तुम्हासही कळत नाही, परंतु टाळी सर्वांस ऐकू येते, सबब जो टाळी घेईल तो थोर." आणि मग त्यांनी एक नवे पद निर्माण केले, त्यास टाळीनवीस म्हणत. टाळीनविसाने फडाच्या डाव्या अंगास कनातीच्या आत पाटावर बसावे, वाजविणारा दिसू नये, ऐकणाराही दिसू नये, म्हणजे डोळ्याचा पक्षपात होत नाही. आणि गाणे संपल्यावर जी टाळी कानी येईल तिची जात दफ्तरात लिहावी. जाती चार: कडकडाटी, बरी, रीतीची, आणि नाही. पाचवा रकाना शेऱ्याचा होता. तो का ठेविला हे थोरल्या सरकारांनी सांगितले नाही, आणि पुढे ते वारले.

त्या पदावर नरहरपंत टाळीनवीस सव्वीस वर्षे होते. माणूस सडपातळ, बोलणे बेताचे, इमान कडक. सव्वीस वर्षांत पंतांनी स्वतः एक टाळी वाजविली नाही. भाचीच्या लग्नात शुभमंगल सावधान जाहल्यावर सारा मांडव टाळ्या पिटीत असता पंत हात पाठीशी बांधून उभे राहिले, आणि बहिणीने "दादा, निदान आज तरी?" ऐसे म्हटले तेव्हा "अगं, सवय लागते, आणि मग दफ्तरात उतरते," ऐसे उत्तर देते जाहले. बहीण पुढे दोन वर्षे बोलली नाही. परंतु पंतांचा लिहिलेला शब्द दरबारात कोणी पुसिला नाही, आणि पंतांस जगात तेवढेच एक ऐश्वर्य होते.

आता त्या काळी संस्थानात स्वरसाम्राज्य ऑर्केस्ट्रा म्हणून एक बलाढ्य ताफा होता. त्यात अठरा वादक, धुराचे यंत्र, आणि चमकत्या कोटाचा एक निवेदक. तो निवेदक गाणे संपण्याच्या आधीच पुढे सरे आणि "मायबाप रसिकहो, आवाज येत नाही! मागची बाजू झोपली काय? एकदा जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत!" ऐसे गर्जे, आणि लोक भिडेखातर वाजवीत, आणि मग तो "अजून!" म्हणे, आणि लोक अजून वाजवीत, आणि कनातीच्या आत पंत लिहीत: कडकडाटी. मागितलेली टाळी आणि न मागितलेली टाळी यांत भेद करावा ऐसे कलम दफ्तरात नव्हते, आणि जे कलमात नाही ते पंतांच्या मनात आले तरी लेखणीत येत नसे.

आणि दुसरा एक ताफा होता, ज्याची ही हकिकत. त्याचे नाव मुल्लाणी आणि मंडळी. लोक कांडपवाले म्हणत. त्याचे मूळ ऐसे की, पेठेच्या टोकास दस्तगीर मुल्लाणी यांच्या वडिलांची मिरची कांडपाची गिरणी होती. तीत चार लोखंडी मुसळे, एकापाठोपाठ एक पडत. एके साली चौथे मुसळ मोडले. वडिलांनी ते दुरुस्त केले नाही. म्हणाले, "तिनातही मिरची बारीक होते. वेळ लागतो तर लागू दे, गिऱ्हाईक बसतं, चार शब्द बोलतं." मग गिरणी थाड, थाड, थाड वाजे, आणि चौथ्या जागी काहीच नाही; आणि आपल्या मिरच्यांची गाठोडी घेऊन ओट्यावर बसलेल्या बाया बोलता बोलता त्या रित्या जागी आपसूक पाय आपटीत. दस्तगीर त्या ओट्यावर वाढले. मोठेपणी त्यांनी चार तारांची खर्जाची गिटार, जीस बास म्हणतात, ती हाती धरिली, आणि त्यांस दुसरा ताल सुचेचना. मग ढोलाच्या संचावर रामा डवरी बसले, ज्यांचे वडील दारोदार डौर वाजवीत. पितळी कर्ण्यावर लग्नाच्या बँडातले सुतारांचे नामदेव आले. आणि गाण्यास इंदुमती घोलप आल्या, त्या दिवसा तहसील कचेरीत टंकलेखन करीत आणि कचेरी सुटल्यावर गात. चौघांनी गिरणीतच तालीम करावी, डोळ्यांस पाणी यावे, मध्येच कोणी शिंकावे, आणि गाणे चालूच रहावे.

त्यांचे वाजविणे कसे, तर खालच्या अंगास ज्यास नवे लोक फंक म्हणतात ती चाल, आणि वरच्या अंगास ज्यास पॉप म्हणतात ते गोड, सोपे, एकदा ऐकून ओठी बसणारे गाणे. एक कंबरेस धरी आणि एक कानास धरी, आणि दोन्ही बाजूंनी वेढा पडल्यावर माणसास किल्ला खाली करण्यावाचून गती नसे. परंतु मुख्य करामत ती रिती जागा. सारे आवर्तन फिरून जेथे पहिला आणि मानाचा ठोका यावयाचा, ज्यास गवई सम म्हणतात, तेथे कांडपवाले काहीच वाजवीत नसत. चौघेही हात उचलून थांबत. आणि त्या थांबण्यात ऐकणाराचा पाय पडे. कोणी शिकविले नव्हते, कोणी सांगितले नव्हते. आजारी माणसाचा पडे, रुसलेल्या माणसाचा पडे, कर्ज वसूल करावयास आलेल्या बँकेच्या माणसाचाही पडला ऐसे सांगतात. आणि गाणे समेवर संपते हा तर जगाचा नियम. म्हणोन कांडपवाल्यांचे प्रत्येक गाणे लोकांच्या पायावर संपे. शेवटला ठोका ताफ्याचा नसेच. मग लोक एकमेकांकडे पाहून हसत, दम घेत, घाम पुसत, आणि टाळी कोणीच वाजवीत नसे. जे काम आपणच पुरे केले त्यास आपणच टाळी कशी वाजवावी?

कनातीच्या आत पंत कान लावून बसलेले असत, आणि टाळी येत नसे, आणि पंत लिहीत: नाही. ऐसे एक साल नव्हे, बावीस साल. या बावीस सालांत स्वरसाम्राज्याने कांडपवाल्यांच्या तीन चाली उचलल्या, रित्या जागेत यंत्राची टाळी भरिली, आणि कडकडाटी मिळविली. परगण्यातल्या लग्नाच्या बँडांनी तीच चाल घेतली. शाळांच्या कवायतीत ती शिरली. संस्थानातली मुले जे गुणगुणत त्यात निम्मे गिरणीतून निघालेले होते, आणि दफ्तरात गिरणीच्या नावापुढे बावीस वेळा एकच शब्द. धाकट्या सरकारांस कोणी कांडपवाल्यांविषयी सांगितले तर ते म्हणत, "चांगले असतील हो. पण मग टाळी कशी नाही?" आणि या प्रश्नावर संस्थानातल्या शहाण्यांची शहाणीव संपे.

ऐसे चालले असता त्या साली श्रावणात फर्मान निघाले की, जत्रेच्या मैदानात दगडी स्तंभ उभा करावा, त्यावर संस्थानातील थोर ताफ्यांची आठ नावे कोरावी, आणि ज्याची ओळ स्तंभावर त्यासच पुढे दसऱ्याचा फड मिळावा. इतरांनी लग्नात वाजवावे. नावे टाळीदफ्तरावरून ठरतील, शेवटली परीक्षा येत्या दसऱ्यास, आणि टाळीनविसाची सही अखेरची. नरहरपंतांची नोकरी आश्विनअखेर संपत होती. म्हणजे सव्वीस वर्षांतली त्यांची शेवटली सही दगडावर उमटणार होती. फर्मान वाचोन पंत घरी गेले, दफ्तर उघडिले, मुल्लाणी आणि मंडळी या नावाखाली बोट फिरविले, आणि जेवले नाहीत. कारण पंतांस संगीतातले काही कळत नसले तरी एक गोष्ट कळत होती, आणि ती त्यांनी कोणास सांगितली नव्हती: इतर ताफ्यांच्या वेळी कनातीत ते टाळीची वाट पाहत, आणि कांडपवाल्यांच्या वेळी गाणे संपू नये ऐसे वाटे.

दुसऱ्या दिवशी पंतांच्या वहाणेची टाच निघाली. मग ते कमानीखाली भागोजी सातपुते बसत तेथे गेले. भागोजी वहाणा सांधण्यात हुशार आणि बोलण्यात त्याहून. त्यांनी दोन्ही वहाणा उलट्या करून पाहिल्या आणि म्हणाले, "पंत, नाचता काय वं तुमी?"

"काय बोलतोस भागोजी! सरकारी माणूस मी."

"सरकारी म्हनूनच इचारतो. डावं पायताण बगा, कोरं. आन् उजव्याची टाच बगा, वरवंट्याखाली धरल्यागत. दरसाल तुमची उजवीच जाती. दसऱ्याच्या दुसऱ्या दिशी येता नव्हं? औंदा जरा टिकली, म्हनून आता आलासा."

पंत म्हणाले, "माझे चालणे वाकडे असेल."

"मग आख्ख्या गावाचं वाकडं हाय म्हना की. कांडपवाल्यांचा खेळ झाला की दुसऱ्या दिशी हितं उजव्या टाचांची रांग लागती. पाटलाची टाच, मास्तरची टाच, आन् नवऱ्याला सांगू नका म्हनून सांगनाऱ्या बायांच्या टाचा. स्वरसाम्राज्याचा खेळ झाला तर कुत्रं फिरकत न्हाई."

"का रे?"

"तितं हात झिजत्यात, पंत. हाताला कुठं पायताण असतं?"

पंत एका पायावर उभे राहोन हे ऐकत होते, आणि ऐकता ऐकता दुसरा पाय धुळीत टेकला हे त्यांस कळले नाही. सव्वीस वर्षे ज्याने कोणाची बाजू घेतली नाही त्याचा पाय बावीस वर्षे फितूर होता, आणि ही फितुरी गावात एका माणसास ठाऊक होती, आणि तो तिला खिळे मारीत होता.

मग पंत त्याच पावली गिरणीत गेले. टाळीनविसाने ताफ्याच्या बिऱ्हाडी जावे ही चाल नव्हती, परंतु जाऊ नये ऐसेही कलम नव्हते. आत तालीम चालली होती. पंत दारात उभे राहिले आणि प्रथम तीन वेळा शिंकले. इंदुमतीबाई गाणे थांबवून म्हणाल्या, "या पंत. नवा माणूस आला की आधी शिंकतो, हीच आमची टाळी. लिहून घ्या, तीन."

रामा डवरी म्हणाले, "बावीस वर्षं पाठ केली पंतांनी आपल्याकडं. आज तोंड बघाय मिळालं. म्हातारं झालासा की वं."

दस्तगीरभाईंनी दोघांस डोळ्यांनी दाबले, पोत्यावरची मिरचीची भुकटी झाडून पंतांस बसविले, चहा मागविला. पंतांनी चहा हाती धरिला, प्याले नाहीत. म्हणाले, "स्तंभाचे फर्मान तुम्ही ऐकलेच असेल. मी खोटे लिहिणार नाही, हे तुम्हास माहीत आहे. म्हणून विनंती करायला आलो. एकच. शेवटचा ठोका वाजवा."

"कुठला?"

"गाण्याचा शेवटला. तेवढाच. मधले सगळे तुमच्या रीतीने रिकामे ठेवा. शेवटी मात्र चौघांनी मिळून एक दणका द्या, म्हणजे लोकांस कळेल की संपले, आणि ते... आणि मग बाईंनी पुढे होऊन एवढेच म्हणावे की..." आणि पंत थांबले. जे वाक्य सव्वीस वर्षे कनातीच्या कापडातून ऐकले ते त्यांच्या तोंडून निघेना.

इंदुमतीबाई म्हणाल्या, "म्हणा की. जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत. बघा, तुम्हालाच लाज वाटली. आणि मी म्हणू?"

दस्तगीरभाई म्हणाले, "खोटं कशाला बोलू पंत, दगडावर नाव पाहिजे होतं मला. वडिलांचं नाव त्यात येतं. आणि फड गेला तर आम्ही लग्नात वाजवू, पण लग्नात लोक जेवायच्या घाईत असतात, पाय कोण आपटतो?" आणि रामा डवरी, जे इतका वेळ चेष्टा करीत होते, ते खाली बघत म्हणाले, "आमच्या बाऽनं जन्मभर लोकांच्या दारात वाजवलं. दारातनंच परत पाठवलं लोकांनी. दगडावर नाव आलं असतं तर मी त्याला दावलं असतं." वडील वारून नऊ वर्षे जाहली होती, हे सर्वांस ठाऊक होते. शेवटी दस्तगीरभाई उठले आणि म्हणाले, "वाजवून बघू. इतकी वर्षं पंत ऐकायला येतात, आज पहिल्यांदा काही मागतायत."

आणि मग त्यांनी वाजविले. गाणे तेच, बाईंचा गळा तोच, खालची चाल तीच, आणि शेवटी आले तेव्हा चौघांनी मिळून त्या रित्या जागी दणका दिला. दणका चांगला होता. त्यात चूक काही नव्हती. परंतु गिरणी जणू एकाएकी मोठी, गार आणि परक्याची जाहली. आणि ओट्यावर गाठोडे घेऊन बसलेली एक बाई पाय अर्धा उचललेला तसाच धरून आत डोकावली आणि म्हणाली, "का वं भाई? काय चुकलं का? आमचा ठोका कुनी खाल्ला?"

दस्तगीरभाई हसले, मग हसता हसता गंभीर जाहले. "ऐकलंत पंत? आमचा ठोका म्हणते. वडिलांनी मुसळ सोडून दिलं तेव्हापासून ती जागा त्यांच्या नावावर आहे. दुसऱ्याच्या जागेत आपण घर बांधायचं आणि वर त्यालाच टाळी मागायची, हे आपल्याला जमायचं नाही."

पंतांनी गार जाहलेला चहा एका घोटात संपविला. ज्या गोष्टीस बावीस वर्षे ते कमतरता म्हणून लिहीत आले ती कमतरता नसोन दान होते, हे त्यांस त्या पोत्यावर बसल्या जागी कळले. आणि जो मान दुसऱ्यास देतो त्याच्या पदरी देण्याची खूण उरत नाही, म्हणोन दफ्तरात तो रिता दिसतो, हेही कळले. परंतु कळले ते लिहावे कोठे, हा प्रश्न राहिला. चार शब्दांत त्यास जागा नव्हती.

पुढे दसरा आला. तिसऱ्या प्रहरी कांडपवाल्यांची पाळी. मैदानात हजार दीड हजार माणूस, ऊन उतरते, सोने वाटून जाहलेले, आपट्याची पाने धुळीत पडलेली. पंत कनातीत शिरले आणि पाटावर बसण्याआधी त्यांनी दोन्ही वहाणा काढून बाहेर ठेविल्या. यात त्यांचा हेतू ऐसा की, पाय अनवाणी असला म्हणजे आपटणार नाही, आणि शेवटल्या नोंदीस तरी पक्षपाताचा डाग लागणार नाही. परंतु वहाण गेली आणि पायाखाली जमीन आली, आणि माणसाने स्वतःस आवरावयास जावे आणि त्यातच सापडावे ऐसे जाहले. पहिले आवर्तन फिरले, ताफा थांबला, आणि रित्या जागेत जमीन हलली. कान सव्वीस वर्षे कापडाआड होते, पण तळव्यास कापड नव्हते. दीड हजार पायांचा एक पाय जाहला होता आणि तो पंतांच्या तळव्यास खालून येऊन भेटत होता. त्यात जड पाय होते, हलके होते, एक कोठे तरी नेमाने उशिरा पडणारा होता, बहुधा म्हाताऱ्याचा. पंतांनी डोळे मिटले. त्यांचाही पाय पडू लागला आणि त्यांनी तो आवरिला नाही. मग शेवटचे गाणे फिरत आले, बाईंचा सूर वर गेला, ताफ्याने हात उचलले, आणि जमीन एकवार हलून स्थिर जाहली. मग काही नाही. लोकांचा दम, कोणाचे हसणे, एका पोराचे रडणे. टाळी नाही.

पंतांनी दफ्तर पुढे ओढिले. लेखणीने त्या क्षणी 'बरी' लिहिले असते तर कोणी पुसिले नसते. 'कडकडाटी' लिहिले असते तरी त्यांच्या शब्दावर दरबाराने शिक्का मारिला असता. परंतु जी टाळी पडली नाही ती लिहावी म्हणजे या लोकांनी जे केले ते केलेच नाही ऐसे लिहिल्यासारखे होय. म्हणोन पंतांनी लिहिले: नाही. आणि मग लेखणी उचलून, सव्वीस वर्षांत प्रथमच, पाचव्या रकान्यात नेली, आणि शेरा लिहिला तो ऐसा: 'टाळी वाजवावयास बाहेर कोणी उरले नव्हते. सर्व लोक गाण्यात होते.' खाली सही केली.

दुसऱ्या दिवशी कलेचे कारभारी रंगराव भाऊसाहेब, जे संस्थानातील सर्व उद्घाटने पाहत, त्यांनी पंतांस बोलाविले. "पंत, हा शेरा कशाला?"

"रकाना आहे."

"रकाना आहे म्हणून भरायचा? सव्वीस वर्षं नाही भरलात ते?"

"सव्वीस वर्षे मी फक्त कानाने काम केले, भाऊसाहेब."

भाऊसाहेबांनी चष्मा पुसला. म्हणाले, "शेऱ्यावर नाव कोरता येत नाही. दफ्तराप्रमाणे सातच ताफे बसतात. कांडपवाले गेले." आणि मग आवाज उतरवून म्हणाले, "अडचण निराळीच आहे. पाथरवटास आपण श्रावणात आठ सांगितले. त्याने आठ ओळींच्या पट्ट्या घासून ठेवल्या. सात नावं झाली, आठवी मोकळी. वाईट दिसतं हो. मी म्हणत होतो, तिथं 'मार्गदर्शक: रंगराव भाऊसाहेब' असं घालावं. लोकांचाच आग्रह आहे."

पंत म्हणाले, "स्तंभावर जे नाव चढेल त्यास टाळीदफ्तरात नोंद पाहिजे, असे फर्मान आहे. मी पाहून ठेवले आहे. आपल्या नावे नोंद एकच, चार वर्षांमागची. आपले भाषण संपले तेव्हाची. आणि तीही रीतीची."

भाऊसाहेब म्हणाले, "मग करायचं काय त्या पट्टीचं? फूल काढायचं?"

"कोरी ठेवा. माझी अखेरची सही आहे, तीवर मी एवढेच लिहितो. आठवी ओळ कोरी ठेवावी. वाचणारे वाचतील." आणि भाऊसाहेबांस ऐसे वाटले की कोऱ्या दगडाने कोणाचे काय बिघडते, आणि पुढेमागे नाव घालता येईल, म्हणोन त्यांनी होकार दिला. संस्थानात पुष्कळ चांगली कामे ऐसीच जाहली आहेत.

कार्तिकात स्तंभ उघडला. पंत त्या दिवशी नोकरीत नव्हते. कनातीत नवा टाळीनवीस होता, आणि पंत प्रथमच बाहेर, लोकांत, दस्तगीरभाईंच्या शेजारी उभे होते. रामा डवरी मागे उभे राहोन दगडाकडे पाहत नव्हते. भालदार पुढे आला आणि मोठ्याने नावे वाचू लागला. पहिले स्वरसाम्राज्य, चमकत्या कोटाचा निवेदक हात वर करून "जोरदार!" म्हणाला, लोकांनी वाजविली. दुसरे, तिसरे, ऐसे करीत सातवे नाव जाहले, सात वेळा टाळी जाहली. मग भालदाराचे बोट आठव्या ओळीवर आले. तेथे वाचावयास काही नव्हते. तो थांबला. त्याचे तोंड उघडे, बोट दगडावर, आणि मैदानात एक रिती जागा पडली.

आणि पाय पडला. एकच, सर्वांचा मिळून. धूळ उठली. कमानीखाली भागोजींनी हातातला खिळा खाली ठेविला. रामा डवरींनी मान वर केली आणि त्या कोऱ्या पट्टीकडे पाहिले, आणि डोळ्यांस हात लाविला. गिरणी तेथून अर्ध्या कोसावर होती, मिरचीचे निमित्त चालण्याजोगे नव्हते. दस्तगीरभाई हळूच म्हणाले, "पंत, एवढी मोठी सम कधी रिकामी सोडली नव्हती हो आम्ही. ही तुमची." आणि पंत आता नोकरीचे बांधील नव्हते. सव्वीस वर्षांनी त्यांनी आपले दोन्ही हात पाठीमागून सोडिले, पुढे आणिले, टाळीस उचलिले. आणि मग पाहिले की उजवा पाय केव्हाच पडून गेलेला आहे आणि हातांस काही काम उरलेले नाही. मग हात तसेच खाली आले. कनातीतून नव्या टाळीनविसाने डोके काढून कुजबुजत विचारले, "पंत, काय लिहू?"

पंत म्हणाले, "आधी वहाणा काढ."

तदनंतरची हकिकत थोडी आहे. कोरी ओळ ही ओळ धरावी की न धरावी, आणि तीवर फड मिळावा की न मिळावा, याविषयी दरबारात वाद उभा राहिला. दोन्ही पक्षांनी आधार काढिले, आणि निकाल होईपर्यंत चालले आहे ते चालू द्यावे ऐसा हुकूम जाहला. सबब कांडपवाले दरसाल दसऱ्यास वाजवितात, आणि निकाल अद्याप जाहला नाही. स्तंभावरची सात नावे उन्हापावसाने पुसट जाहली आहेत, आठव्या ओळीस पुसावयाचे काही नव्हते. दफ्तरात त्यांच्या नावापुढे आजही 'नाही' लिहितात, आणि शेऱ्याचा रकाना दर वर्षी भरतात. गिरणीचे चौथे मुसळ दुरुस्त जाहले नाही. येणेप्रमाणे बिनटाळीच्या ताफ्याची हकिकत लिहून पुरी केली; शेवटला ठोका आम्ही मारीत नाही.